मॉडेल नंबर नसलेली चिठ्ठी परत द्या: सांगलीत बसून गेमिंग-एडिटिंगचा पीसी जुळवताना

गेल्या दिवाळीच्या तोंडावर मिरजेहून माझ्या मावसभावाचा मुलगा आला. हातात एका दुकानाची चिठ्ठी. "काका, बघा की, साठ हजारांत सगळं बसतंय. आय सेव्हन हाय, ग्राफिक्स कार्ड पण हाय." पोरगा बैलगाडा शर्यतींचे आणि जत्रेतल्या कुस्त्यांचे व्हिडिओ कापतो. आता लग्नाची कामंही मिळायला लागलीत. रात्री मित्रांबरोबर गेम असतोच.

निळ्या पेनानं लिहिलं होतं: आय सेव्हन प्रोसेसर, १६ जीबी रॅम, १ टीबी एसएसडी, ४ जीबी ग्राफिक्स कार्ड, लायटिंगचं कॅबिनेट, ४५० वॅट एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा).

चिठ्ठीत खोटं काहीच नव्हतं. पण 'आय सेव्हन' हे नाव २००८ पासून चालू आहे. दुकानात फोन लावून मॉडेल विचारलं तर निघाला ३७७०, म्हणजे २०१२चा, तिसऱ्या पिढीचा, चार कोअरचा. आजचा साधा आय५ त्याला सहज मागं टाकतो. विंडोज ११ त्याच्यावर अधिकृतपणे चालत नाही, आणि विंडोज १०ची नेहमीची मोफत अपडेट्स मायक्रोसॉफ्टनं १४ ऑक्टोबर २०२५ पासून थांबवलीत. '४ जीबी ग्राफिक्स कार्ड' निघालं जीटी ७३०, २०१४ सालचं. मेमरी ४ जीबी आहे हे खरं, पण बैलगाडीला ट्रकचा हौदा बसवला म्हणून बैल काही ऐंशीच्या वेगानं पळत नाहीत.

मग आम्ही दोघं वही घेऊन बसलो. त्या दुपारी जे ठरलं ते क्रमानं लिहितो.

पहिली पायरी: आधी फाइल बघा, पार्ट नंतर

बहुतेकजण सुरुवात ग्राफिक्स कार्डापासून करतात. एडिटिंग करणाऱ्यानं सुरुवात कॅमेऱ्यातून निघणाऱ्या फाइलपासून करावी. मीडियाइन्फो नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे. त्यात तुमची एक क्लिप टाका आणि तीन गोष्टी वहीत उतरवा: कोडेक, म्हणजे व्हिडिओ दाबून साठवायची पद्धत, कोणता (एच.२६४ की एचईव्हीसी), बिट डेप्थ, म्हणजे रंगछटांची बारकाई, ८ की १०, आणि क्रोमा, म्हणजे रंगाची माहिती किती ठेवली, ४:२:० की ४:२:२.

एवढी चौकशी कशाला? कॅमेरा कार्डावरची जागा वाचवायला प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवत नाही. एक फ्रेम पूर्ण ठेवतो, आणि पुढच्या काही फ्रेममध्ये फक्त काय बदललं तेवढंच टिपतो. टाइमलाइनवर, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या क्लिप मांडायच्या पट्टीवर, तुम्ही मध्येच कुठंतरी क्लिक केलं की संगणकाला मागच्या पूर्ण फ्रेमपासून गणित करत तिथपर्यंत यावं लागतं. हे गणित करणारं वेगळं सर्किट चिपमध्ये असेल तर क्लिप लोण्यासारखी सरकते. नसेल तर भारीतला प्रोसेसरही धापा टाकतो.

आणि हे सर्किट प्रत्येक चिपमध्ये सारखं नसतं. लग्नाचं काम करणारे सोनी ए७ फोरसारखे कॅमेरे १०-बिट ४:२:२ मध्ये शूट करतात. तसली एचईव्हीसी क्लिप इंटेलच्या अलीकडच्या प्रोसेसरमधलं अंगचं ग्राफिक्स, ज्याच्या या सोयीला क्विक सिंक म्हणतात, सहज उलगडतं. एनव्हिडियाच्या ४० मालिकेपर्यंतच्या कार्डांना ४:२:२ जमत नाही, ५० मालिकेला जमतं. रायझन ७००० मधल्या अंगच्या ग्राफिक्सलाही जमत नाही. बरोबरीच्या किमतीचे दोन पीसी, एकावर टाइमलाइन पळते आणि दुसऱ्यावर अडखळते, त्याचं कारण बऱ्याचदा इथं सापडतं.

त्याच पानावर गेमची नावं लिहा. 'सगळे गेम' असं लिहू नका. तुम्ही खरोखर खेळता ते तीन-चार.

दुसरी पायरी: मॉनिटर ठरवा

मॉनिटर शेवटी उरलेल्या पैशांत घेतात, आणि तिथंच गाडी चुकते. कार्डानं किती ठिपके रंगवायचे हे मॉनिटर ठरवतो. १०८०पीला सुमारे २१ लाख ठिपके, १४४०पीला ३७ लाख, ४केला ८३ लाख. ४के मॉनिटर आणून त्याला मधलं कार्ड लावलं तर गेम रडत चालणार.

माझं मत विचाराल तर दोन्ही कामं करणाऱ्या नवख्यानं २७ इंची, १४४०पी, आयपीएस पॅनल (रंग नीट दाखवणारं), १४४ हर्ट्झ (सेकंदाला इतक्या वेळा चित्र बदलतं) किंवा वर, एवढं बघावं. खर्च आवरायचा असेल तर २४ इंची १०८०पी. एसआरजीबी, म्हणजे स्क्रीनसाठी ठरलेल्या प्रमाण रंगांपैकी, ९९-१०० टक्के रंग दाखवत असल्याचं डब्यावर लिहिलेलं हवं, नाहीतर नवरीचा शालू तुमच्याकडं लाल आणि तिच्या घरच्या टीव्हीवर गुलाबी दिसेल.

तिसरी पायरी: प्रोसेसर आणि बोर्ड ही जोडी आहे

सॉकेट, म्हणजे मदरबोर्डावरची प्रोसेसर बसायची जागा, जुळला पाहिजे, बाकी सगळं त्यानंतर. इंटेलच्या १२, १३ आणि १४व्या पिढीला एलजीए १७०० सॉकेट, कोअर अल्ट्रा २०० मालिकेला एलजीए १८५१. एएमडीच्या रायझन ७००० आणि ९०००ला एएम५.

एएम५ला पुढं वाव आहे. एएमडीनं २०२७ आणि त्यापुढंही हा सॉकेट चालू ठेवण्याचं जाहीर केलंय, म्हणजे आज रायझन ५ ७६०० घेतलात तर काही वर्षांनी त्याच बोर्डावर मोठा प्रोसेसर बसवता येईल. एलजीए १७०० मात्र १४व्या पिढीवर संपला. पण मिळकत एडिटिंगची आणि कार्डाला आत्ता पैसे नाहीत, अशांना मी तरीही आय५-१४४०० सुचवतो. त्यात सहा मोठे आणि चार छोटे कोअर आहेत, आणि क्विक सिंक आहे. ग्राफिक्स कार्ड नसतानाही प्रीमियर या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये लग्नाचं काम सुरू करता येतं. दा विंची रिझॉल्व्ह हे दुसरं एडिटिंग सॉफ्टवेअर वापरणार असाल तर हा हिशेब लागू नाही, ते सॉफ्टवेअर कार्डावरच जगतं.

इथं एक अक्षर जपा. मॉडेलच्या शेवटी 'एफ' असेल, उदाहरणार्थ १४४००एफ, तर त्यात अंगचं ग्राफिक्स नाही. हजार-दीड हजार वाचवायला एफ घेतात, आणि मग क्विक सिंकही गेलं, कार्ड बिघडलं तर स्क्रीनवर काही दिसायची सोयही गेली.

फक्त गेमच खेळायचे असतील तर एएमडीचे एक्स३डी नावाचे प्रोसेसर बघा. ९८००एक्स३डी मध्ये तब्बल ९६ एमबी एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली चटकन हाताशी येणारी मेमरी) आहे आणि गेमना ती मानवते. एडिटिंगला त्या पैशात जास्त कोअर घेतलेले बरे. आणि १३व्या-१४व्या पिढीचा इंटेलचा मोठा, के अक्षराचा प्रोसेसर घेतलात तर बोर्डाचं बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट केल्याशिवाय कामाला लावू नका. जादा व्होल्टेजमुळं ते प्रोसेसर खराब होत असल्याचं इंटेलनं २०२४ मध्ये मान्य करून दुरुस्ती दिली होती.

बोर्डावर फार डोकं शिणवू नका. इंटेलला बी७६०, एएमडीला बी६५० किंवा बी८५०, रॅमच्या चार खाचा, एसएसडी बसवायचे दोन एम.२ स्लॉट, वायफाय हवं असेल तर आतच असलेलं. झालं.

चौथी पायरी: ग्राफिक्स कार्ड

इथं दोनच प्रश्न विचारा. मेमरी किती, आणि सॉफ्टवेअर कोणतं?

८ जीबीवर १०८०पी गेम आणि साधं एडिटिंग होतं. १४४०पी, ४के टाइमलाइन, नॉइज काढणं, थ्रीडी असलं काही असेल तर १२ किंवा १६ जीबी. आरटीएक्स ५०६० टीआय आणि आरएक्स ९०६० एक्सटी ही दोन्ही कार्डं ८ आणि १६ अशा दोन प्रकारांत येतात, नाव तेच. चिठ्ठीवर आकडा लिहून घ्या. गेमपुरतं एएमडीचं कार्ड पैशाला पुरून उरतं. पण प्रीमियर, आफ्टर इफेक्ट्स, ब्लेंडर यांत रोजचं काम असेल तर एनव्हिडियाकडं झुकावं, कारण या सॉफ्टवेअरांचा कुडाशी, म्हणजे एनव्हिडियाच्या कार्डाकडून गणित करून घ्यायच्या सोयीशी, जुना घरोबा आहे.

जुनं कार्ड स्वस्तात मिळतंय? समोर बसून अर्धा तास गेम चालवून दाखवत असेल आणि मूळ बिल देत असेल तर विचार करा. 'पाठवून देतो, आधी जीपे करा' म्हणणाऱ्याला रामराम.

पाचवी पायरी: रॅम आणि डिस्क

एडिटिंगला ३२ जीबी, १६-१६च्या दोन स्टिक. एकच ३२ची घेतली तर रॅमचा एकच मार्ग चालतो आणि वेग निम्मा होतो. चार खाचा दिसतात म्हणून चार स्टिक भरू नका. एएम५वर डीडीआर५च्या चार स्टिक बसवल्या की एएमडीचा अधिकृत वेग ३६०० वर उतरतो.

२०२५च्या अखेरीपासून रॅमचे भाव भडकलेत, एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी उचलली म्हणून. त्यामुळं घरात जुन्या पीसीतली चांगली डीडीआर४ रॅम पडून असेल तर लक्षात ठेवा: १२ ते १४व्या पिढीच्या इंटेलसाठी डीडीआर४ घेणारे बी७६० बोर्डही मिळतात. एएम५ फक्त डीडीआर५वर चालतो.

डिस्कचा हिशेब फुटेजवरून करा. १०० एमबीपीएसनं, म्हणजे सेकंदाला १०० मेगाबिटनं, शूट केलं तर तासाला ४५ जीबी होतात. दोन कॅमेरे, प्रत्येकी पाच तास, म्हणजे एका लग्नाला ४५० जीबी. विंडोज आणि सॉफ्टवेअरला एक एनव्हीएमई (एम.२ स्लॉटमध्ये बसणारी वेगवान एसएसडी), चालू कामाला दुसरी, आणि संपलेली लग्नं ठेवायला साधी हार्ड डिस्क. जेन ४ एनव्हीएमई सेकंदाला ७००० एमबीपर्यंत जाते, केबलनं जोडायची जुन्या पद्धतीची साटा एसएसडी ५५०ला थांबते, पण ऐन टाइमलाइनवर तेवढा बारापट फरक जाणवत नाही. म्हणून सगळ्यात वेगवान डिस्कच्या मागं न लागता मोठी घ्या.

सहावी पायरी: एसएमपीएस, आणि आपल्याकडची लाईट

यावर मी जरा जास्त बोलणार.

माझ्या पहिल्या पीसीत कॅबिनेटबरोबर फुकट आलेला एसएमपीएस होता. मे महिना, वळवाची संध्याकाळ, एका लग्नाचा रेंडर, म्हणजे शेवटची फाइल बनवायचं काम, ८० टक्क्यांवर. लाईट दोनदा मिचमिचली, मागून 'फट्' असा आवाज आला आणि जळक्या बेकेलाइटचा वास खोलीभर पसरला. एसएमपीएस जाताना बोर्ड आणि हार्ड डिस्क दोन्ही घेऊन गेला. हळदीचं फुटेज तेवढं दुसरीकडं कॉपी केलं नव्हतं. सांगलीत राहून हळदच गेली, यावर घरचे आजही हसतात. मी तेव्हा पाहुण्यांच्या मोबाइलमधले तुकडे गोळा करत आठ दिवस फिरत होतो.

तेव्हा चिठ्ठीवर नुसतं '४५० वॅट' चालत नाही. कंपनी, मॉडेल, ८० प्लसचा दर्जा (वीज किती कमी वाया घालवतो त्याचा) आणि वॉरंटीची वर्षं लिहून घ्या. निदान ब्राँझ, वॉरंटी पाच वर्षं. वॅटचा हिशेब सोपा आहे. ६५ वॅटवाला प्रोसेसर जोरात असताना ९० ते १५० वॅट खातो, ५०६० टीआय १८०, बाकी पंखे-डिस्क-बोर्ड मिळून ७०-८०. बेरीज चारशेच्या आसपास. त्यावर ६५० वॅटचा एसएमपीएस निवांत चालतो, उन्हाळ्यातही.

आता अर्थिंग. कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात, अशी तक्रार जुन्या वाड्यांतून नेहमी ऐकू येते. एसएमपीएसच्या आत विजेतली खरखर गाळणारे कपॅसिटर असतात आणि ते ती खरखर अर्थच्या तारेत सोडतात. तार पुढं जोडलेलीच नसेल तर कॅबिनेटच्या पत्र्यावर सुमारे ११५ व्होल्ट तरंगत राहतात. करंट अगदी थोडा असतो, पण टेस्टर स्क्रूला टेकवला तर दिवा लागतो. तसा लागला तर पीसी आणण्याआधी वायरमन बोलवा.

यूपीएस घेताना व्हीए आणि वॅट यांत गल्लत नको. ६०० व्हीएवर साधारण ३६० वॅटच मिळतात. कार्डवाल्या पीसीला १००० व्हीएच्या पुढचा बघा. घरच्या इन्व्हर्टरवर चालवणार असाल तर तो शुद्ध साइन वेव्हचा आहे ना ते तपासा. स्क्वेअर वेव्हवर चांगले एसएमपीएस कुरकुरतात, कधी बंदही पडतात.

सातवी पायरी: कॅबिनेट

पुढं काच असलेलं कॅबिनेट शोभेला छान. पण एप्रिल-मेमध्ये खोलीतच ३८-३९ अंश असतात, आणि पंखा खोलीतल्या हवेपेक्षा गार हवा कुठून आणणार? पुढं जाळी हवी. पुढून दोन पंखे आत घेणारे, मागं एक बाहेर टाकणारा. आत येणारी हवा थोडी जास्त असली की फटींतून धूळ ओढली जात नाही. आय५ किंवा रायझन ५ला टॉवरचा साधा एअर कूलर पुरतो.

धुळीचं फिल्टर काढून धुता आलं पाहिजे. मार्केट यार्डाजवळ राहणाऱ्या मित्राकडं हळदीच्या हंगामात फिल्टर धुतलं की पाणी पिवळं निघतं. ऊस पेटवायच्या दिवसांत गावाकडं काजळी येते ती वेगळीच.

नदीकाठी राहणाऱ्यांना एक जादा सूचना: पीसी आणि बॅकअपची डिस्क एकाच तळमजल्यावर ठेवू नका. २०१९च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली होती.

आठवी पायरी: खरेदी

सांगली, कोल्हापूर, पुणे, ऑनलाइन, चारही भाव काढा. मुंबईला जाणं होणार असेल तर लॅमिंग्टन रोडवरही एक चक्कर. पण फरक हजार-दोन हजारांचाच असेल तर गावातलं दुकान धरा. बोर्ड खराब निघाला तर कुरिअरच्या फेऱ्या दुकानदार घालतो, तुम्ही नाही.

बिल पक्कं घ्या, प्रत्येक पार्टचा सिरियल नंबर बिलावर. 'कच्च्यात घेतला तर जीएसटी वाचेल' असं कुणी म्हटलं तर समजा की वॉरंटीही वाचली, त्याची. डबे वर्षभर माळ्यावर ठेवा. उघडताना मोबाइलवर एकसलग व्हिडिओ काढा.

माझ्या या पुतण्याचं सगळं साठ हजारांत बसणार नव्हतंच. मग आम्ही दोन हप्ते केले. आधी आय५-१४४००, बोर्ड, रॅम, डिस्क, ६५० वॅटचा एसएमपीएस, जाळीचं कॅबिनेट. कार्ड लग्नसराईच्या कमाईतून. एसएमपीएस मात्र पहिल्या दिवसापासून कार्डाच्या हिशेबानंच घेतला.

नववी पायरी: जोडणी

दुकानदार जोडून देतो, पण शेजारी उभे राहून बघा. हात आधी धातूला लावून अंगातली स्थिर वीज उतरवा. बोर्डाच्या सॉकेटवरचं काळं प्लॅस्टिकचं झाकण प्रोसेसर बसवल्यावर निघतं, ते डब्यात जपून ठेवा. बोर्ड वॉरंटीत देताना ते मागतात. सॉकेटमधल्या पिना केसासारख्या बारीक असतात, एक वाकली तरी संपलं. कूलरच्या तळाची पारदर्शक पट्टी काढायची असते. ती तशीच ठेवून 'पीसी तापतोय' म्हणणारे मी दोघं पाहिलेत.

रॅमच्या दोन स्टिक प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत. प्रोसेसरची आठ पिनांची केबल वेगळी आणि कार्डाची सहा अधिक दोनची वेगळी, जोर लावून अदलाबदल करू नका. जुन्या एसएमपीएसच्या सुट्या केबल नव्याला कधीच लावू नका, टोक बसलं तरी आतल्या तारांचा क्रम निराळा असू शकतो.

डीडीआर५चा पीसी पहिल्यांदा चालू केला की काही मिनिटं स्क्रीन काळीच राहते. रॅम स्वतःचं गणित जुळवत असते. घाबरून बटण दाबू नका, चहा ठेवा. मग बायोसमध्ये जाऊन इंटेलला एक्सएमपी, एएमडीला एक्सपो चालू करा, नाहीतर रॅम मूळच्या कमी वेगातच राहते. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये हर्ट्झ बदला. १४४चा मॉनिटर वर्षभर ६०वर वापरणारे कमी नाहीत. पहिल्या आठवड्यात एक लांब रेंडर आणि दोन तास सलग गेम करून घ्या, बदलून मिळायची मुदत संपायच्या आत.

फेब्रुवारीत पुतण्यानं कार्ड घेतलं, स्वतःच बसवलं. रात्री साडेदहाला फोन.

"काका, कार्ड खराब हाय. गेम आधीसारखाच अडकतोय."

"मॉनिटरची केबल कुठं लावलीयस?"

"हाय तिथंच. वर."

"खाली लाव. कार्डाला."

पलीकडं थोडा वेळ खुडबुड, मग फोन ठेवल्याचा आवाज. त्या रात्री पुन्हा फोन आला नाही.